न सुचल्याचं प्रतिज्ञापत्र

हणमंतराव बिरादारांचा हैदराबादच्या आझमाबादेत प्लास्टिकचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन मोल्डिंग मशिनं, प्लास्टिकचे दाणे वाळवायची एक भट्टी, चार कामगार आणि वर पत्रा. टिफिन सेंटरमधल्या मोठ्या ग्राइंडरला आतून एक पट्टी लागते. भांड्याच्या कडेला चिकटलेलं इडलीचं पीठ ती खरवडून मधे ढकलते. ही पट्टी बनवण्यात हणमंतरावांची वीस वर्षं गेली होती, आणि पट्टीबद्दल कुणी तक्रार केली तर मुलीच्या सासरहून तक्रार आल्यासारखं त्यांना लागायचं.

१९९३च्या उन्हाळ्यात पद्मावतम्मा कारखान्यात आल्या. नल्लकुंट्यात त्यांचं टिफिन सेंटर होतं. सकाळी सात वाजता तिथं उभं राहायला जागा नसायची. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी टेबलावर ठेवली.

"बिरादारगारू, ये सूंगो."

हणमंतरावांनी वास घेतला आणि मान फिरवली. पट्टीच्या मागच्या खाचेत काळी बुरशी धरली होती.

"धोते नहीं क्या?"

"दिन में तीन बार धोते. गरम पानी से. फिर आ जाती. कल एक गिराकी बोला, इडली को गीले पायदान का वास है."

हणमंतरावांनी त्यांना नवी पट्टी फुकट दिली आणि जुनी घरी आणली. नल्लकुंट्यातच त्यांचं घर होतं. जेवणाच्या टेबलावर ती पट्टी ठेवून ते तिच्याकडे बघत बसले.

"अहो, ते ताटापासून उचला आधी," इंदुताई म्हणाल्या. मग पोळी वाढता वाढता बोलून गेल्या, "बर्फीला वरख लावलेला असला की ती चार दिवस जास्त टिकते. तुमच्या पट्टीलाही लावा वरख."

त्या हसल्या. हणमंतराव हसले नाहीत. पोळी अर्धी टाकून त्यांनी चप्पल घातली.

चारमिनारच्या पलीकडे एका गल्लीत वरख कुटणारे बसतात. चामड्याच्या पानांमधे चांदीचा तुकडा ठेवायचा आणि दिवसभर हातोडीनं कुटायचं. कुटता कुटता फाटलेल्या वरखाचा चुरा उरतो, तो इस्माईल साब एका डब्यात साठवत. हणमंतरावांनी सगळा डबाच मागितला.

"कैकू होना साब इतना?"

"प्लास्टिक में डालने."

इस्माईल साबांनी हातोडी खाली ठेवली. "मिठाई पे डालते, पान पे डालते, हकीमां दवा में डालते. प्लास्टिक पैली बार सुना मैं."

पहिली पट्टी साफ फसली. हणमंतरावांनी नेहमीच्या कडक प्लास्टिकमधे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमधे, चांदीचा चुरा मिसळून पट्टी काढली. त्यांची मुलगी माधवी बीएस्सीला होती आणि तिचा विषयच जंतुशास्त्र होता. तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पट्टीचे तुकडे ठेवून पाहिले आणि दोन दिवसांनी घरी येऊन सांगितलं, "बाबा, जंतू मजेत आहेत. एकाची तर पट्टीवरच कॉलनी झालीय."

"चांदी आहे तरी?"

"चांदी आत आहे ना. प्लास्टिकनं तिला गच्च धरून ठेवलंय. ती ओलाव्यात थोडी थोडी सुटली पाहिजे, तेव्हा जंतू मरणार."

"ओलावा आत जायचा कसा?"

"ते मला काय माहीत? प्लास्टिक तुमचं."

हणमंतराव आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. त्यांना एकच प्लास्टिक ठाऊक होतं जे पाणी पितं. नायलॉन. हवेतलं पाणीसुद्धा पितं, म्हणून साच्यात घालण्याआधी ते भट्टीत वाळवावं लागतं. नाही वाळवलं तर वस्तू फोडांनी भरून येते. त्यासाठी त्यांनी आयुष्यभर नायलॉनला शिव्या घातल्या होत्या. आठव्या दिवशी त्यांनी नायलॉन वाळवलं, त्यात वरखाचा चुरा मिसळून पट्टी काढली आणि ती पट्टी रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकून ठेवली. पी बाबा पाहिजे तेवढं, असं म्हणून.

माधवीच्या बशीत या वेळी पट्टीभोवती काही उगवलं नाही. तिनं तीनदा करून पाहिलं. तिच्या बाईंनी चौथ्यांदा केलं.

पद्मावतम्मांना मात्र वेगळीच धास्ती. "ये पट्टी कीड़ा मारती तो मेरा आटा कैसा फूलता?" इडलीचं पीठ आंबायला जंतूच लागतात, हे त्या कॉलेजात न जाता जाणून होत्या. माधवीनं समजावलं की पीठ पट्टीला भेटतं ते वाटण्यापुरतं, अर्धा तास, आणि पट्टी मात्र दिवसरात्र ग्राइंडरात बसलेली असते. पद्मावतम्मांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला तो दुसऱ्या दिवशी, पीठ फुगून डब्याचं झाकण उचललं गेलं तेव्हा.

त्या वर्षांत शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी गॅट, म्हणजे जागतिक व्यापाराचा करार, होता. नवीन केबल, नवीन बँका, कोकचे लाल फलक, आणि रोज पेपरात पेटंट. हणमंतरावांना कुणीतरी सांगितलं की आता तुम्हीही पेटंट घ्या. पण पेटंटचा वकील हैदराबादेत शोधायचा कुठं? बरकतपुऱ्यातल्या सुलभा देगलूरकर मराठी कुटुंबांचे भाडेकरूंविरुद्धचे खटले चालवायच्या. वडीलही वकील, आजोबाही वकील. त्या म्हणाल्या, "मी आजवर फक्त माणसं घराबाहेर काढलीत. पण कायदा म्हणजे कायदा. वाचते." कोठी बाजारातल्या दुकानातून त्यांनी पेटंटच्या कायद्याचं पुस्तक आणलं, पंधरा दिवसांत संपवलं, आणि मद्रासच्या कार्यालयात अर्ज गेला.

अर्ज तपासून, मान्य होऊन, राजपत्रात छापून यायला अडीच वर्षं लागली. छापून आल्यावर ज्याला हरकत घ्यायची त्यानं चार महिन्यांत घ्यायची, असा नियम. मुदत संपायला दोन दिवस असताना तीन किलोचं एक पाकीट आलं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं हरकत घेतली होती. तिनं नुकतीच परदेशी कंपनीशी भागीदारी केली होती आणि चांदीवाल्या प्लास्टिकचे यंत्राचे भाग तीही बाजारात आणणार होती.

सुलभाताईंनी हरकत मोठ्यानं वाचली. भारतात पुरातन काळापासून पाण्यात चांदीचं नाणं टाकतात. दुधात टाकतात. मिठाईवर वरख लावतात. सबब, अन्नाच्या यंत्रातल्या प्लास्टिकमधे चांदी घालणं कुणालाही सुचलं असतं. यात शोध काहीच नाही.

"त्याच आठवड्यात ही आलीय," हणमंतराव म्हणाले आणि त्यांनी इंग्रजी पेपरातली पानभर रंगीत जाहिरात पुढं ठेवली. त्याच कंपनीची. वर मोठ्या अक्षरांत होतं: मानवी इतिहासात प्रथमच, जंतूंना नकार देणारं प्लास्टिक.

सुलभाताईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "लावू पुराव्यात. पण ते म्हणतील, जाहिरातीत खरं बोलायचं आमच्यावर बंधन नाही."

"मग काय करायचं?"

"कायद्याला एक माणूस लागतो," सुलभाताईंनी पुस्तक उघडलं. "धंद्यातला जाणकार. त्याला त्या धंद्यातलं सगळं ठाऊक असतं. सगळी पुस्तकं वाचलेली, हातात कसब असलेलं. फक्त डोकं…"

"डोकं नसतं?"

"असतं हो. पण त्यातून नवीन काही निघत नाही. अशा माणसाला तुमची पट्टी सुचली असती का, एवढाच प्रश्न आहे. सुचली असती तर पेटंट नाही. कायद्यात हा माणूस कल्पनेतला आहे, पण आपल्याला खरा हवा. दोन-तीन मिळाले तर उत्तम. त्यांनी शपथेवर लिहून द्यायचं की मी या धंद्यात मुरलेला आहे आणि मला हे सुचलं नाही, सुचलंही नसतं."

हणमंतरावांना हे काम सोपं वाटलं. धंद्यात त्यांची वीस वर्षांची ओळख. ते प्रतिज्ञापत्राचे कोरे नमुने पिशवीत घालून निघाले.

पहिला गाठला सुरेश. बादल्या बनवायचा. त्यानं नमुना वाचला आणि परत केला. "हणमंतराव, खोटी सही कशी करू? मला हे ऐंशी सालीच सुचलं होतं. बादलीचा सीझन होता, वेळ मिळाला नाही."

दुसरा म्हणाला, सुचलं नाही असं लिहून दिलं तर बँक काय म्हणेल. तिसरा चिडलाच. तेव्हा हळदीच्या अमेरिकन पेटंटचं प्रकरण पेपरात गाजत होतं आणि जो तो आजीच्या बटव्याचा राखणदार झाला होता. "तुम भी वोईच कर रै," तो म्हणाला. "हमारी नानी की चांदी चुरा रै." त्याच्या नानीनं प्लास्टिक पाहिलं होतं का, असं हणमंतरावांनी विचारलं. नानी सेहेचाळीस सालीच वारली होती. पण पाहिलं असतं तर, म्हणाला, उसकू सूझता.

फक्त इस्माईल साब सही करायला एका पायावर तयार होते. "अल्ला कसम, मेरे कू कभी नै सूझा." पण त्यांचा धंदा वरखाचा. प्लास्टिकचे ते जाणकार नव्हते. सुलभाताईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मग हणमंतरावांनी शेवटचा उपाय म्हणून छोट्या प्लास्टिकवाल्यांच्या संघटनेच्या मासिक बैठकीत विषय मांडला. एकतीस जण हजर होते. ज्यांना हे सुचलं नव्हतं, त्यांनी हात वर करावा, एवढीच विनंती. एकही हात वर आला नाही. उलट एकेक जण उठून आपल्याला कधी, कुठं आणि काय करताना सुचलं ते सांगू लागला. एकाला तिरुपतीच्या रांगेत सुचलं होतं. एकाला दाताच्या डॉक्टरकडे. शेवटी अध्यक्षांनी ही मौलिक कल्पना सुचल्याबद्दल सर्व सभासदांचं अभिनंदन करणारा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. एकमतानं, कारण गोंधळात हणमंतरावांचाही हात वर गेला.

"इतिवृत्त लिहिलं का त्यांनी?" सुलभाताईंनी विचारलं.

"लिहिलं. सगळ्या सभासदांना प्रत गेली."

"आणि ती मुंबईची कंपनी?"

"गेल्या महिन्यात सभासद झालीय."

पंधरा दिवसांत तो ठराव पुराव्यात दाखल झाला. खाली हणमंतरावांच्या नावासकट.

एवढं पुरे नव्हतं म्हणून घरातलं प्रकरण उभं राहिलं. इंदुताई तीन वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला सांगत होत्या की वरख मीच सुचवला. जेवता जेवता सुचलं, असंही सांगत. सुलभाताई हे ऐकून हादरल्या आणि घरी आल्या.

"इंदुताई, कृपा करून हे कुठं बोलू नका. प्लास्टिकचं काही न कळणाऱ्या बाईला पोळी वाढता वाढता सुचतं, हे त्यांना कळलं तर केस संपली."

इंदुताईंनी हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "म्हणजे यांचा शोध मोठा ठरायला मी मूर्ख ठरायचं?"

"तसं नाही हो…"

"तसंच आहे. मला सुचलं म्हणून ते सोपं. यांना सुचलं असतं तर अवघड."

हणमंतराव काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. "अगं, तू बोललीस ते थट्टेत."

"थट्टेत का होईना, बोलले मी. तुम्ही चप्पल घालून गेलात तेव्हा ताटात अर्धी पोळी होती. ती मी उचलली."

हणमंतरावांना पहिल्यांदाच कळलं की आपण तीन वर्षांपूर्वी त्या अर्जावर एकट्याचं नाव घातलं, ते घालताना हात अडखळलासुद्धा नाही.

"सुलभाताई," ते म्हणाले, "हिचं नाव घालता येतं का?"

सुलभाताईंनी पुस्तक चाळलं. येत होतं. शोधकाचं नाव नोंदवायचा वेगळा अर्ज असतो. आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हे तर उत्तमच! शोधकाला सुचलं तर ते सोपं धरत नाहीत. इंदुताई बाहेरच्या असतील तर त्यांना सुचणं आपल्याला घातक. त्या शोधक असतील तर त्यांना सुचणं म्हणजेच शोध. सुचलं तेच, वेळ तीच, फक्त सही पाहिजे."

इंदुताईंनी सही केली. पण बोलल्या नाहीत. नावाची नोंद होऊन निकाल लागेपर्यंत गप्प राहायचं त्यांनी कबूल केलं, ते मात्र चार दिवसांनी, आणि तेही माधवीमार्फत.

जाणकार माणूस अजून मिळाला नव्हता. तो सुचवला माधवीनं. "बाबा, भालकीकर काका?"

अरविंदराव भालकीकर बरकतपुऱ्यात राहायचे. एका सरकारी कारखान्यात प्लास्टिकच्या मालाची तपासणी करण्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. शहरातल्या सगळ्या प्लास्टिकवाल्यांना त्यांचा लाल शेरा ठाऊक होता. कुठलं प्लास्टिक किती अंशाला वितळतं, किती ताणलं की तुटतं, सगळं तोंडपाठ. प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात फक्त अर्जाचा क्रमांक होता, पट्टीत काय घातलंय ते नव्हतं. त्यांनी तो दोनदा वाचला, पट्टीबद्दल काही विचारलं नाही, आणि हणमंतरावांना वाटलं, आता हेही सांगणार कुठल्या रांगेत सुचलं ते.

"यात एक दुरुस्ती हवी," अरविंदराव म्हणाले. "'हे मला सुचलं नाही' असं लिहिलंय. ते अपुरं आहे. मला तीस वर्षांत काहीच सुचलं नाही. तसं लिहा."

"काहीच?"

"सुचणं हे माझं काम नव्हतं. नकाशाप्रमाणे माल आहे की नाही, एवढं पाहायचं. ज्यांना सुचायचं ते नकाशाबाहेर जायचे आणि मी त्यांचा माल परत पाठवायचो."

आतून त्यांच्या पत्नी कुसुमताई चहा घेऊन आल्या. "मी साक्षीदार आहे," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं रोज संध्याकाळी विचारते, उद्या काय करू. एकदाही भाजीचं नाव निघालं नाही तोंडातून."

हणमंतरावांना त्यांचे पाय धरावेसे वाटले.

सुनावणी अठ्ठ्याण्णव साली लागली. मद्रास तोवर चेन्नई झालं होतं. हणमंतराव, सुलभाताई आणि अरविंदराव गाडीनं सकाळी पोचले, इडली खाल्ली, आणि अरविंदरावांनी तिथल्या ग्राइंडरची पट्टी वाकून पाहून नापसंतीनं मान हलवली. समोरच्या बाजूला मुंबईचे मोठे वकील होते, त्यांच्यामागं तीन धाकटे वकील, आणि त्या तिघांच्या हातात संघटनेचा ठराव. निर्णय देणारे अधिकारी बारीक अंगाचे, शांत गृहस्थ होते. सगळं पेन्सिलीनं टिपून घ्यायचे.

मोठ्या वकिलांनी अरविंदरावांची उलटतपासणी सुरू केली. इंग्रजीत, पण अरविंदरावांचं इंग्रजी तपासणी-अहवालांवर घडलेलं, त्यामुळे एकही शब्द वाया जात नव्हता.

"तीस वर्षांत आपण एकही सुधारणा सुचवली नाही?"

"नाही."

"कारखान्यात सूचनांची पेटी नव्हती?"

"होती. एकाहत्तर साली बसवली. किल्ली माझ्याकडे होती."

"मग?"

"मी उघडली नाही."

सुलभाताईंनी हळूच हणमंतरावांकडे पाहिलं. सोनं निघालं होतं.

वकील मात्र मुरलेले होते. त्यांनी सूर बदलला, जवळ आले. "ठीक आहे. समजा, पट्टीला वास येतो. आपण काय कराल?"

"धुवीन."

"धुऊन जात नाही."

"ग्राहकाकडून लेखी तक्रार घेईन."

"घेतली. वास येतोच आहे. लोक आजारी पडताहेत. पट्टी बदलायची नाही, धुवायची नाही. आता?"

अरविंदरावांनी चष्मा काढून पुसला.

"जंतू आहेत, मिस्टर भालकीकर. पट्टीवर बसलेत. त्यांना तिथं बसू द्यायचं नाही. पट्टीतच काहीतरी असावं लागेल, नाही का? जे त्यांना सोसणार नाही. आणि माणसानं खाल्लं तरी चालेल. आपण हैदराबादचे. तिथं मिठाईवर काय असतं?"

सुलभाताई हरकत घ्यायला उठल्या, पण उशीर झाला होता. अरविंदरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी घडत होतं. आधी कपाळ ताणलं गेलं, मग भुवया वर गेल्या, मग तोंड किंचित उघडलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अरविंदराव भालकीकरांना कल्पना सुचत होती.

"वरख!" ते खुर्चीतून उठून ओरडले. "प्लास्टिकमधे वरख घालायचा!"

सुलभाताईंचं पेन खाली पडलं. हणमंतरावांनी डोळे मिटून घेतले. मोठे वकील कमरेत वाकले. "आभारी आहे. जाणकार माणसाला चार मिनिटांत सुचलं. मला आणखी काही विचारायचं नाही." तिघा धाकट्यांनी फायली बांधायला घेतल्या.

"मला एक विचारायचंय," अधिकारी म्हणाले. त्यांनी पेन्सिल उचलली. "मिस्टर भालकीकर, बसा. कुठल्या प्लास्टिकमधे घालाल?"

अरविंदराव बसायला तयार नव्हते. त्यांचे गाल लाल झाले होते. "पॉलिप्रॉपिलीन! स्वस्त, कडक, पाणी आत घेत नाही."

"नायलॉनमधे नाही?"

अरविंदरावांनी अधिकाऱ्यांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, नायलॉन पाणी पितं. दिवसरात्र ओल्या पिठात असणाऱ्या वस्तूला नायलॉन? शोध असो नसो, अशा पट्टीवर मी लाल शेरा मारीन."

"दुसऱ्या कुणी जाणकारानं घातलं असतं?"

"जाणकार असता तर नसतं घातलं. हणमंतराव घालतात, पण त्यांचं सोडा."

पेन्सिल बराच वेळ चालली. सुलभाताईंनी तेवढ्यात पेन उचललं, फायलीतून माधवीच्या चाचण्यांचा कागद काढला आणि शांतपणे पुढं ठेवला. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी: जंतूंवर परिणाम नाही. नायलॉनची पट्टी: वाढ नाही. अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि मुंबईच्या वकिलांना विचारलं, "आपल्या आशिलाचा माल कशाचा आहे?"

वकिलांनी पहिल्या धाकट्याकडे पाहिलं. त्यानं दुसऱ्याकडे. तिसऱ्यानं रंगीत माहितीपत्रक उघडून बारीक आवाजात वाचलं, "पॉलिप्रॉपिलीन."

परतीच्या प्रवासात अरविंदराव खिडकीशी बसून होते. सकाळी काझीपेठला चहा घेताना ते बोलले.

"हणमंतराव, मला सुचलं."

"हो."

"असं असतं होय ते. छातीत काहीतरी उघडल्यासारखं होतं." त्यांनी हातातला कप फिरवला. "आणि ते चूक होतं."

"चूक होतं म्हणून तर आपण वाचलो, अरविंदराव. बरोबर सुचलं असतं तर मी मेलो असतो."

"ते झालं तुमचं," अरविंदराव म्हणाले. "मला ते बरोबर असतं तर आवडलं असतं." आणि त्यांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. ज्या माणसाला त्यांनी न सुचण्यासाठी नेलं होतं, त्याचं दुःख त्यांच्यामुळेच होतं.

निकाल चार महिन्यांनी आला. प्लास्टिकमधे चांदी घालणं हे कुणालाही सुचण्याजोगं आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि संघटनेचा ठराव त्याला आधार म्हणून घेतला होता. मात्र ती चांदी नायलॉनमधे घालणं कुणाही जाणकाराला सुचलं नसतं, उलट त्यानं ते टाळलंच असतं. त्याला आधार अरविंद भालकीकर यांची साक्ष. पेटंट नायलॉनपुरतं मंजूर. संघटनेनं पुढच्या बैठकीत हणमंतरावांचा सत्कार केला, आणि तिथं चार जणांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की नायलॉनचंही आपल्याला सुचलं होतं.

कुसुमताई मात्र एक दिवस कारखान्यात येऊन धडकल्या. "माझा शांत माणूस नेलात आणि हा आणून दिलात," त्या म्हणाल्या. "रोज काहीतरी सुचतं. परवा छत्रीला पन्हळ लावली. काल म्हणाले, वांग्याचं भरीत कर. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा भाजीचं नाव घेतलं, आणि घरात वांगं नव्हतं!"

"मग काय केलंत?"

"जाऊन आणलं," कुसुमताई म्हणाल्या, आणि रागावलेल्याच असताना हसल्या.

पेटंटचा कागद टपालानं आला तेव्हा हणमंतराव कारखान्यात होते. इंदुताईंनी पाकीट फोडलं नाही. संध्याकाळी हणमंतरावांनी ते फोडून त्यांच्यासमोर धरलं. शोधकांत दोन नावं होती. हणमंतराव बिरादार. इंदुमती बिरादार. शाळा सुटल्यापासून त्यांना इंदुमती कुणी म्हटलं नव्हतं.

"किती वर्षं चालतं हे?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"अगंबाई, रामाच्या वनवासाइतकं?"

"अर्ज केल्यापासून मोजायचं. पाच तर संपलीच."

इंदुताईंनी कागद पुन्हा वाचला, घडी घातली नाही. "सुलभाला फोन करून विचारा, आता बोलायला हरकत नाही ना."

हणमंतरावांनी विचारलं. हरकत नव्हती. तेव्हा इंदुताईंनी फोन आपल्याकडे ओढला, उदगीरला बहिणीचा नंबर लावला आणि पाय वर घेऊन बसल्या.

"हं, मी बोलतेय. जेवण झालं का? मग बस जरा. लांबलचक आहे."

हणमंतराव उठून स्वयंपाकघरात गेले. पोळ्यांचं पीठ मळून ठेवलेलं होतं. त्यांनी तवा गॅसवर चढवला आणि पहिली पोळी लाटायला घेतली. ती काही गोल झाली नाही.